वाचकांचे प्रश्न : मिथेन येतो, पण कल्चर टिकत नाही

प्रश्न : खोल कूपनलिकेच्या पाण्यातले मिथेनजनक (मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव) हायड्रोजनवर वाढवले, थोडं थोडं कल्चर एका बाटलीतून पुढच्या बाटलीत नेत गेलो. पहिल्या बाटलीत मिथेन भरपूर येतो, तिसऱ्या-चौथ्या बाटलीत मात्र बंद पडतो. शुद्ध कल्चर कसं मिळवावं? आणि प्रजाती नवी आहे असं कधी म्हणता येतं?

उत्तर : आधी प्राणवायूचा संशय घ्या. माध्यमातल्या (वाढीच्या द्रावणातल्या) रेझाझुरिन या प्राणवायूसूचक रंगाची गुलाबी छटा दिसली तर बाटली बादच. पण रंग गेला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो रेडॉक्स विभव (द्रावण किती ऑक्सिडीकारक किंवा क्षपणक आहे याचं माप) उणे १०० मिलिव्होल्टच्या आसपास आला की जातो आणि या जीवांना उणे ३०० च्या खाली लागतं. म्हणून हा विभव खाली आणायला लिटरमागे सिस्टीन हायड्रोक्लोराइड आणि स्फटिकी सोडियम सल्फाइड प्रत्येकी ०.५ ग्रॅम घाला. बुचं जाड ब्यूटाइल रबराचीच हवीत. सुई-सिरिंज दरवेळी प्राणवायूरहित नायट्रोजनने तीनदा धुवा, घात बहुधा तिथेच होतो.

एक कारण सहज निसटतं. चार भाग हायड्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड मिळून एकच भाग मिथेन होतो. दाब झपाट्याने उतरतो, आणि तो बाहेरच्यापेक्षा कमी झाला की सुईच्या जुन्या छिद्रांतून हवा आत ओढली जाते. हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइडचं ८०:२० मिश्रण वेळेवर पुन्हा भरा.

तरीही वाढ थांबली, तर सोबतचे जीवाणू पुरवत असलेलं काहीतरी बाटलीमागून बाटलीत पातळ होत (विरलीकरणात) हरवलं आहे. सोडियम अ‍ॅसिटेट, चिमूटभर यीस्ट अर्क, जीवनसत्त्वं आणि त्याच कूपनलिकेचं गाळून निर्जंतुक केलेलं थोडं पाणी घालून पाहा. क्षारता आणि तापमानही मूळ पाण्याएवढंच ठेवा.

शुद्धीकरणासाठी दसपट विरलीकरण करत जा आणि मिथेन देणाऱ्या शेवटच्या बाटलीतून पुन्हा सुरुवात करा. सोबतचे जीवाणू मारायला व्हँकोमायसिन, अ‍ॅम्पिसिलिन ही प्रतिजैविकं चालतात. ती जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतल्या म्युरीनवर घाव घालतात, आणि मिथेनजनक ज्या गटात मोडतात त्या आर्कियांच्या भित्तिकेत म्युरीन नसतं. माध्यमात सल्फेट नको, नाहीतर सल्फेट-क्षपणक (सल्फेटचं सल्फाइड करणारे) जीवाणू हायड्रोजन पळवतात. मिथेनजनक ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात बहुधा निळसर-हिरवे चमकतात. न चमकणाऱ्या पेशी दिसल्या तर शंका घ्या. हायड्रोजनविना, ग्लुकोज-यीस्ट अर्काच्या माध्यमात काही वाढलं तर कल्चर अशुद्धच.

नवेपणासाठी १६एस जनुकाचं (सूक्ष्मजीवांची ओळख पटवायला वापरतात त्या जनुकाचं) ज्ञात प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांखाली असणं हा चांगला इशारा. त्याहून जास्त असलं तरी निकाल लागत नाही. संपूर्ण जीनोमचं सरासरी साम्य जवळच्या प्रकार-वाणाशी (प्रजातीचा अधिकृत नमुना मानलेल्या वाणाशी) ९५-९६ टक्क्यांखाली हवं. वैध नावासाठी वाण दोन वेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत जमा करावा लागतो.

कूपनलिका खोदताना वापरलेल्या पाण्याचा नमुना मात्र पहिल्या दिवसापासून जपा. त्यातही हाच जीव निघाला, तर त्याला भूगर्भातला म्हणता येणार नाही.