स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमसाठी मशीन घेतोयस? आधी प्रोसेसर बघ

दुकानदार तुला पहिल्यांदा ग्राफिक्स कार्डच दाखवेल. मलाही दाखवलं होतं आणि मी भुललो. स्टॉकफिश त्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही. २०२० मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क आलं, तरी ते प्रोसेसरवरच चालतं. कार्ड लागतं ते लीला चेस झीरो या दुसऱ्या बुद्धिबळ प्रोग्रॅमला. लीला चालवायची नसेल तर ते पैसे जास्त कोअरच्या प्रोसेसरमध्ये घाल. (नुसतं हरायचंच असेल तर हातातला फोनही पुरतो म्हणा!)

लॅपटॉप शक्यतो नकोच. माझ्या लॅपटॉपवर विश्लेषण लावलं की पहिली दोन-तीन मिनिटं वेग झकास दिसायचा. मग पंखा घरघरायला लागायचा, कीबोर्डवर हात ठेववत नसे आणि नोड्सचा, म्हणजे सेकंदाला तपासलेल्या स्थितींचा, आकडा धपकन खाली यायचा. डेस्कटॉप घे, आणि कूलरवर कंजुषी करू नकोस.

रॅम १६ जीबी पुरे. त्यातली ४ जीबी हॅशला (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायच्या जागेला) दे, सगळी नको.

राजे धरून सहा मोहऱ्यांपर्यंतचे सिझिगी टेबलबेस (डावाच्या शेवटच्या स्थितींचे तयार निकाल) हवे असतील तर सुमारे १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर. पाचपर्यंतचे जेमतेम १ जीबीत बसतात. सध्या तेवढेच ठेव.

आणि हो, प्रोसेसरला झेपत असेल तर स्टॉकफिशची एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधल्या जलद गणिताच्या आज्ञा) वाली फाइल उतरव. जुनी साधी फाइल चालवून मशीनला नावं ठेवणारे बरेच पाहिलेत. दोन्हींवर 'बेंच' कमांड देऊन वेग ताडून बघ.