एकाच पातेल्यातून अकरा ताटं

पत्र: "डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मुलाच्या होणाऱ्या सासरची तिघं पहिल्यांदाच जेवायला येताहेत. ते जैन आहेत, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. नणंदेला सिलिअ‍ॅक आहे, गहू अजिबात चालत नाही. तिच्या सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी. माझ्या यजमानांना मधुमेह, आणि लेक गेल्या वर्षापासून दूध-तूपही खात नाही. सासूबाई म्हणतात, 'पुरणपोळी आणि बटाट्याची भाजी नसेल तर त्याला जेवण म्हणायचं का?' सगळे मिळून अकरा जण. प्रत्येकाचं वेगळं करायला बसले तर मी उभ्या उभ्या कोसळेन. आणि कुणाला वेगळं ताट वाढलं तर त्याचा अपमान नाही का होणार?"
— हवालदिल, पुणे

ताई,

वेगळं ताट वाढलं म्हणून अपमान होत नाही. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" म्हटलं की मात्र होतो. तरीही पाच स्वयंपाक करू नका. चुका तिथेच होतात. एका भाजीतला डाव दुसरीत जातो, आणि कुठल्या पातेल्यात काय पडलंय हे चार वाजता कुणाच्याच लक्षात राहत नाही. सगळ्यांना चालेल असा एकच स्वयंपाक करा. तो होऊ शकतो, आणि त्यातली मुख्य गोष्ट तुमच्या सासूबाईंना येत असणार.

आधी विहीणबाईंना फोन करा. "तुम्हाला काय चालत नाही?" असं मोघम विचारलंत तर "काही नाही हो, साधंच करा" हेच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेणं, आहे का? आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, हिरवी भाजी सोडता का? वांगं, कोबी-फ्लॉवर चालतो का? पाणी उकळलेलं लागतं का? जैन घराघरांत पाळणूक वेगवेगळी असते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, रताळं, ओलं आलं आणि ओली हळद नको, हे बहुतेकांना ठाऊक असतं. हळदपूड आणि सुंठ चालते. पण आपण फसतो ते पुढच्या गोष्टींत. मोड आलेली कडधान्यं पुष्कळ जण खात नाहीत, म्हणजे आपली हुकमी मटकीची उसळ बाद. साबुदाणा कंदापासून होतो. कच्च्या दही-ताकाबरोबर डाळीचे पदार्थ चालत नाहीत. शिळं चालत नाही, म्हणून आदल्या रात्री काही करून ठेवायचं नाही. त्या शनिवारची तिथी पंचांगात पाहून ठेवा. आठम किंवा चौदस निघाली आणि ते हिरवी भाजी सोडत असतील, तर उसळीला ओल्या तुरीच्या दाण्यांऐवजी अख्खे मूग, मोड न आणता, शिजवा, आणि खाली सांगितलेली तोंडली-काकडीही गाळा.

आता शेंगदाणा आणि गहू. इथे श्रद्धेचा नाही, जिवाचा आणि आतड्याचा प्रश्न आहे. "एवढंसंच तर आहे" हे वाक्य त्या दिवशी घरात कुणीही म्हणायचं नाही.

आपल्या स्वयंपाकघरात दाण्याचं कूट कोशिंबिरीपासून आमटीपर्यंत सगळीकडे असतं. मिक्सरच्या ज्या भांड्यात कूट होतं, त्याच्या पात्याखालच्या रबरात ते अडकून राहतं, तीन वेळा धुतलं तरी. त्या भांड्यात खोबरं वाटू नका, दुसरं वापरा किंवा मागून आणा. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याची प्रथिनं राहतात. म्हणून त्या दिवशी सूर्यफुलाचं रिफाइंड तेल, तेही नवी पिशवी फोडून. काजू-बदाम चालतात का, हे नणंदेला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मसालेभातात काजू नको. मुलाचं औषध त्याच्या आईच्या पर्समध्ये असू द्या, गाडीत नको. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते कसं द्यायचं हे घरातल्या दोघांनी आधी समजून घ्या. ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं आणि त्याबरोबर उलटी, खोकला किंवा धाप लागली, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीचा गुण येण्याची वाट पाहायची नाही. इंजेक्शन द्यायचं आणि लगेच १०८ लावायचा.

गव्हाचा सगळ्यात मोठा चोर हिंगाच्या डबीत बसलेला असतो. आपण वापरतो तो बांधानी हिंग, आणि त्यात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक असते. त्या दिवशी फोडणीत हिंगच नको. तयार गोड्या मसाल्यातही हिंग असतो, तोही नको. धणे-जिरे घरी भाजून कुटा. "मग ज्वारीची भाकरी करू" असं मनात आलं असेल, पण गिरणीत ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. आपल्याकडे 'ग्लुटेन फ्री' छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन (सिलिअ‍ॅकमध्ये बाधणारं गव्हातलं प्रथिन) लागतं. गिरणीतल्या पिठात हे राखणं अशक्य. पोळपाट-लाटणं, पोळ्यांचा तवा, पोळ्यांचं फडकं, लाकडी उलथणं, सगळ्यात कणीक मुरलेली असते. म्हणून त्या दिवशी घरात कणीक मळायचीच नाही. अर्धी चिंता तिथेच संपते.

पोळी नाही तर मग काय? घावनं. आणि गोडाला रस-घावन, म्हणजे नारळाच्या दुधाचा गुळाचा रस. गहू नाही, दाणे नाहीत, दूध-तूप नाही, कंद नाही.

एक किलो तांदळाची तीस-पस्तीस घावनं होतात. तांदूळ सकाळी आठला भिजत घाला, बाराला गंधासारखे बारीक वाटा, मीठ घाला. पीठ दुधाइतकं पातळ हवं, दाट राहिलं तर घावन नाही, थालीपीठ होतं. तांदूळ तळाशी बसतो, म्हणून दर वेळी पळीने ढवळून मगच घाला, नाहीतर पहिली पाच पाणचट आणि शेवटची पाच जाडजूड. बिडाचा तवा चांगला तापू द्या. पीठ पडताच चर्र आवाज येऊन जाळी पडली पाहिजे. तव्याला तेल लावायला आपण सवयीने अर्धा कांदा घेतो, तो इथे चालणार नाही. नारळाची शेंडी घ्या. गरम घावनं एकावर एक रचली तर चिकटून लगदा होतो, म्हणून चौघडी घालून कोऱ्या फडक्यावर पसरून ठेवा. एकाला तीन मिनिटं धरली तर दोन तव्यांवर पाऊण ते एक तास जातो.

रसाला चार नारळ, ३०० ग्रॅम गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. घट्ट पहिलं दूध वेगळं ठेवा. दुसऱ्या दुधात गूळ कोमट करून विरघळवा, गाळा, गॅस बंद करा, मग पहिलं दूध घाला. उकळलंत तर रस फाटलाच.

बाकी सोपं. उसळीला सोललेले एक किलो ओले तुरीचे दाणे, डिसेंबरात मंडईत भरपूर येतात. कांद्याशिवाय रस्सा पाणचट सुटतो, त्यावर उपाय म्हणजे शिजलेले वाटीभर दाणे ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून परत घालायचे. इंचभर आल्याच्या जागी पाव चमचा सुंठ. ७०० ग्रॅम तांदळाचा मसालेभात, अर्धा किलो तोंडली घालून. आमसुलाचं सार. काकडीची कोशिंबीर लिंबू आणि खोबऱ्याची. बास.

यजमानांना गूळ चालतो हा समज काढून टाका. साखरेसारखाच तोही रक्तातली साखर वाढवतो. त्यांना दोन घावनं, भात चमचाभर, उसळ दुप्पट. आणखी एक गोष्ट, जी हमखास राहून जाते: रोज साडेआठला जेवणारा माणूस त्या दिवशी पाचला जेवणार. गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर वेळ कशी बदलायची, रात्री काही खायचं का, हे आधीच डॉक्टरांना विचारा. रात्री साखर एकदम उतरण्याचा धोका खरा आहे.

घरात मासे होत असतील तर दोन दिवस आधीपासून बंद ठेवा, फ्रीज पुसून घ्या, वाढायला स्टीलचे घासलेले डाव घ्या.

सासूबाईंना "हे चालत नाही, ते चालत नाही" अशी यादी ऐकवू नका. त्यांना बिचारीला वाटतंय की पाहुण्यांसमोर आपल्या घराचं ताट रिकामं दिसेल. "आई, घावनं आणि रस तुमच्या हातचाच हवा, मला ती जाळी जमत नाही" असं म्हणा. पुरणपोळीइतकाच मान त्या रसाला आहे, आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. दुसऱ्या तव्याशी मुलाला उभं करा. होणारी सून ते बघेल, चांगलंच आहे.

पुण्यात तेव्हा सूर्य सहाच्या थोडा आधीच मावळतो. म्हणून पाहुण्यांना साडेचारला बोलवा, पाचला पानं घ्या. आग्रह फक्त एकदा, आणि त्या पोराच्या ताटात त्याच्या आईशिवाय कुणी काही वाढायचं नाही. पावणेसहाला साधी बडीशेप आणि पाणी फिरवा. त्यानंतर विहीणबाईंना पाणीसुद्धा विचारू नका, नुसत्या गप्पा मारत बसा.