लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो

प्रश्न: सी प्रोग्राममध्ये मॅथ.एच इन्क्लूड केलंय, तरी जीसीसी कंपायलरने वर्गमूळाच्या फंक्शनसाठी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ ही एरर येते. गंमत म्हणजे एसक्यूआरटी(२.०) चालतं, एसक्यूआरटी(एक्स) अडतं.

मॅथ.एचसारख्या हेडरमध्ये फंक्शनची नुसती घोषणा असते. कोड लिबएम या गणिताच्या लायब्ररीत असतो आणि लिनक्सवर ती लिबसी या सीच्या मुख्य लायब्ररीपासून वेगळी आहे. लिनक्सवरची नेहमीची लिबसी म्हणजे ग्लिबसी; तिच्या २०२१च्या २.३४ आवृत्तीत थ्रेडची पीथ्रेड लायब्ररी लिबसीत विलीन झाली, लिबएम मात्र वेगळीच राहिली. म्हणून लिबएम जोडायला सांगणारं -एलएम द्या. २.०चं वर्गमूळ जीसीसीने कंपाइल करतानाच काढून आकडा थेट बसवला, त्यामुळे फंक्शनला हाक मारायची वेळच आली नाही.

प्रश्न: ‘जीसीसी -एलएम गणित.सी’ दिलं, तरी तीच एरर.

-एलएम शेवटी न्या. लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडून प्रोग्राम बनवणारा, कमांडमध्ये डावीकडून उजवीकडे जातो. लिबएमपाशी आला तेव्हा कुणी काही मागितलेलंच नव्हतं, म्हणून तो रिकाम्या हाताने पुढे गेला. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

प्रश्न: हौसेने छोटा सी कंपायलर लिहितोय. असेंब्ली नीट निघते. आता त्याच्या कमांडने लिंकिंग कसं करावं? आणि -नोस्टडलिब दिल्यावर काय गाळायचं?

आधी जीसीसीची नक्कल करा. त्याला -### द्या, म्हणजे तो काहीच न चालवता कमांडी छापतो. लिंकिंगच्या ओळीत आधी प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या सीआरटी१.ओ आणि सीआरटीआय.ओ या फायली, मग तुमच्या फायली, मग -एलजीसीसी, -एलसी आणि अगदी शेवटी सीआरटीएन.ओ दिसेल. प्रोग्राम जिथून सुरू होतो ते, मेनला हाक मारणारं _स्टार्ट सीआरटी१मध्ये असतं.

तुमच्या कोडमध्ये हो-नाहीचे दोन फ्लॅग पुरेत: सीआरटी गाळायच्या का आणि लायब्ररी गाळायच्या का. -नोस्टार्टफाइल्सने सीआरटीवाल्या फायली जातात, -नोडिफॉल्टलिब्सने लायब्ररी जातात आणि -नोस्टडलिबने दोन्ही. वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या, -एलएमसारख्या -एल मात्र जागच्या जागी राहू द्या. नवखे लोक .सी फायली एका यादीत आणि -एल दुसऱ्या यादीत गोळा करतात. तिथेच वरच्या प्रश्नातला घोळ होतो. यादी एकच ठेवा आणि .सीच्या जागी तिची कंपाइल झालेली .ओ बसवा.

आणखी एक. जीसीसीऐवजी एलडी हा लिंकर थेट चालवताना -डायनॅमिक-लिंकर म्हणून /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ हा पाथ द्यायला विसरू नका. नाहीतर प्रोग्राम तयार होईल आणि चालवताना ‘नो सच फाइल’ म्हणेल. फाइल डोळ्यांसमोर असते, सापडत नसतो तो लोडर, म्हणजेच हा डायनॅमिक लिंकर!

प्रश्न: ३२ बिट एक्स८६वर कर्नल लिहितोय. -नोस्टडलिब दिल्यावर __युडिव्हडीआय३ सापडत नाही. मी तर ते कुठेच लिहिलेलं नाही.

तुम्ही ६४ बिटांचा भागाकार लिहिलात, त्याचं ते रूप. प्रोसेसरला तो एका फटक्यात जमत नाही, म्हणून जीसीसी लिबजीसीसी या आपल्या मदतनीस लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. -नोस्टडलिबने तीही गेली, तेव्हा शेवटी -एलजीसीसी हाताने जोडा. मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही मेमरी हाताळणारी चार फंक्शन मात्र तुम्हालाच लिहावी लागतील. मोठं स्ट्रक्चर नुसतं असाइन केलंत, तरी जीसीसी मेमसीपीवाय मागू शकतो.