शुगरवाल्यांनी पायाची जखम लहान समजू नका

भाऊ, शुगर असताना पायाला जखम झालीय आणि तिच्यावर हळद लावून बसलोय असं तुम्ही लिहिलंत, तर पहिले घाबरू नका. मला शुगर होऊन 14 वर्षं झाली, सुरुवातीला मीही तेच केलं जे तुम्ही करताय, म्हणजे जखमेवर हळद दाबायची आणि आपोआप भरेल म्हणून बसायचं. कपाशीच्या शेतात पऱ्हाटीचं धसकट तळपायात घुसलं होतं, कळलंच नाही, संध्याकाळी मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं! शुगरने नसांची जाणीव कमी होते ना, म्हणून दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं धरूच नका.

पायाची रोज एवढी काळजी घ्या:

- रोज रात्री तळपाय, बोटांच्या बेचक्या बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा
- टाचांना व्हॅसलिन लावा पण बेचक्यांत नको, तिथं ओल राहते
- अनवाणी चालणं बंद, आपल्या जळगावच्या मे महिन्यात तर ओट्यावरसुद्धा नाही, फरशीने फोड येतात
- पायाचं कुरुप ब्लेडने कापू नका
- तंबाखू सोडा, तिच्यामुळे पायाचा रक्तपुरवठा कमी होतो

तुमच्यासारखी जखम झाली असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी पट्टी बांधा आणि लगेच डॉक्टरला दाखवा. लाली, सूज, पू, वास किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा, बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. मलम कोणतं ते डॉक्टरच ठरवतील.