एकच नॉब असलेल्या पाच वॅटच्या ट्यूब ॲम्पमधून चांगला नैसर्गिक ओव्हरड्राइव्ह कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की ॲम्प पाच वॅटचा आहे, आत एक १२एएक्स७ (सिग्नल वाढवणारी प्रीॲम्पची ट्यूब) आणि एक ईएल८४ (स्पीकर चालवणारी पॉवर ट्यूब), वर फक्त व्हॉल्यूमचा नॉब, स्पीकर आठ इंची आणि गिटारला हंबकर (दोन कॉइलचा जोरकस पिकअप). नॉब तीनवर असेपर्यंत आवाज साफ, पाचच्या पुढे नेला की जाड तारांचा चिखल होतो, आणि फ्लॅटमध्ये त्याहून मोठा आवाज करायची सोय नाही. डिस्टॉर्शनचं पेडल न लावता ट्यूबचाच ओव्हरड्राइव्ह हवा आहे.

ॲम्पमध्ये काही कमी आहे असं समजू नका. ओव्हरड्राइव्ह त्यात मुबलक आहे. बिघडतंय ते दोन ठिकाणी: ट्यूबपर्यंत नको तितका खर्ज पोचतोय, आणि आवाज कमी करायची जागा चुकतेय.

आधी हिशेब बघा. १२एएक्स७ च्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन टप्पे, असतात आणि अशा ॲम्पमध्ये प्रत्येकाचा प्रत्यक्ष गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) साधारण ५० ते ६० मिळतो. ईएल८४ च्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत शिरतो त्या जाळीला, सात-साडेसात व्होल्टचं शिखर मिळालं की ती लाटेची टोकं कापायला लागते. नॉब पूर्ण उघडा असेल तर ५० गुणिले ५०, म्हणजे गिटारकडून आलेले ३ मिलिव्होल्टसुद्धा तिला पुरतात. तुमचा हंबकर जोरात मारल्यावर याच्या शंभरपट देतो. म्हणून नॉब पाचावर पोचेपर्यंत वॅट संपलेले असतात. पुढे फिरवल्यावर आवाजाची पातळी फारशी वाढत नाही, सिग्नल नुसता चिरडला जातो. फेंडरच्या जुन्या चॅम्पची मांडणी अशीच आहे, फक्त तिथे ६व्ही६ ही पॉवर ट्यूब असते आणि तिचा बायस (ग्रिडचं ठरवून दिलेलं स्थिर व्होल्टेज) जवळजवळ १८-१९ व्होल्ट असतो. म्हणून तो ॲम्प जरा उशिरा ओव्हरड्राइव्हमध्ये जातो आणि त्याच्या नॉबवर हाताला जास्त जागा मिळते.

आता चिखल. सहावी तार मोकळी वाजवली की तिची मूळ कंपनसंख्या ८२ हर्ट्झ, आणि सिग्नलमध्ये एक मोठी लाट तिची. ती लाट ईएल८४ च्या ग्रिडला पॉझिटिव्हमध्ये ढकलते, ग्रिडमधून करंट वाहायला लागतो आणि तो करंट आधीचा कपलिंग कॅपॅसिटर (दोन टप्प्यांना जोडणारा) चार्ज करून ठेवतो. त्यामुळे बायस एकदम खाली जातो, ट्यूब काही क्षण गप्प होते आणि कॅपॅसिटर रिकामा होईल तसतशी परत बोलायला लागते. २२ नॅनोफॅरड आणि २२० किलोओहम असतील तर हा काळ सुमारे ५ मिलिसेकंदांचा. एखाद्या ॲम्पमध्ये १०० नॅनोफॅरड आणि ४७० किलोओहम बसवलेले असतील तर ४७ मिलिसेकंद. कानाला ते असं ऐकू येतं: नोट मारल्यावर आधी दबते, मग फुरफुरत वर येते.

तुमच्याकडे हेच होतंय का ते तपासायला एक मिनिट पुरे. नॉब सहावर ठेवा. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर सातव्या पट्टीला दोन नोटा एकत्र वाजवा. त्या गात असतील, लांबत असतील, आणि लगेच सहाव्या तारेवरची मोकळी पॉवर कॉर्ड मारल्यावर सगळं कोसळत असेल, तर ॲम्प ठणठणीत आहे आणि दोष खर्जाचा आहे.

ॲम्प न उघडता करण्यासारखं पहिल्यांदा. हंबकर खाली उतरवा. शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरली असता सहाव्या तारेखाली ३ मिलिमीटर आणि पहिलीखाली २ मिलिमीटर अंतर राहू द्या. जाड तारांच्या बाजूला अंतर मुद्दाम जास्त. मग ॲम्पचा नॉब सहा-सातवर एकदा लावून तिथेच सोडा आणि पुढचा सगळा कारभार गिटारच्या व्हॉल्यूमवर करा. दहावर लीड, सहा-सातवर ऱ्हिदम, तीनवर जवळजवळ साफ. असे ॲम्प याच पद्धतीने वाजवायचे असतात, आणि बहुतेक लोक नेमका हाच भाग सोडून देतात. गिटारचा व्हॉल्यूम खाली आणला की आवाज बोथट होत असेल तर गिटारच्या पॉटच्या (नॉबखालच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या) इनपुटच्या आणि मधल्या पायावर १ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. वीस-तीस रुपयांचं काम आहे आणि त्याने नॉब पूर्ण पट्ट्यात वापरता येतो.

दुसरा बिनासोल्डरचा उपाय १२एएक्स७ बदलण्याचा. तिच्या जागी ५७५१ किंवा १२एवाय७ सरळ बसते, पाय तेच. १२एएक्स७ चा गुणक १००, ५७५१ चा ७०, १२एवाय७ चा ४४. जास्त घाण, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, हवी असताना गेन कमी करा हे ऐकायला उलटं वाटेल, पण पहिल्या टप्प्याचा गेन उतरला की प्रीॲम्पमध्ये होणारी चिरड कमी होते आणि ईएल८४ चा स्वतःचा, हाताच्या जोराप्रमाणे हलणारा ओव्हरड्राइव्ह स्पष्ट ऐकू येतो. नॉबवरची तीन ते सात ही सगळी जागा कामाची होते. १२एयू७ मात्र लावू नका. तिचा गुणक जेमतेम २० असतो आणि ॲम्प मेल्यासारखा वाजतो. एवढ्यासाठी महागड्या जुन्या ट्यूबा शोधत फिरायची गरज नाही, चालू उत्पादनातली कुठलीही बरी ट्यूब चालेल. नवी ट्यूब लावली की ॲम्प चालू असताना लाकडी पेन्सिलीने काचेवर हलकं टिचकून बघा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर ती ट्यूब कॉम्बो ॲम्पमध्ये (स्पीकर त्याच पेटीत असलेल्या) चालणार नाही.

पेडलचं तुम्ही नको म्हणालात, पण इक्वलायझर हे डिस्टॉर्शनचं पेडल नव्हे. १०० हर्ट्झला ६ डीबी खाली, ८०० च्या आसपास ३ डीबी वर, एवढ्यानेही ॲम्प ओळखू येणार नाही इतका बदलतो. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याचा प्रसिद्ध आवाज याच तत्त्वावर उभा आहे: आधी खर्ज कापणारा ट्रेबल बूस्टर, पुढे पूर्ण उघडलेला व्हॉक्स एसी३० ॲम्प. आणि एसी३० मध्ये तुमच्याच ॲम्पमधल्या ईएल८४ असतात, फक्त चार.

आता सोल्डरिंग. आत साधारण ३०० व्होल्ट डीसी असतात आणि ॲम्प बंद करून प्लग काढल्यावरही ते फिल्टर कॅपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतात. मगरचिमटा लावलेला १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चॅसी आणि कॅपॅसिटरच्या पॉझिटिव्ह टोकामध्ये काही सेकंद धरा, मग मल्टिमीटरने मोजा. दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. ही सवय नसेल तर हे काम ट्यूब ॲम्प दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. जिवाचा प्रश्न आहे.

पहिला बदल पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडवर (ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर). तिथे दीड किलोओहमच्या रेझिस्टरला समांतर २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल. तो काढून ०.६८ किंवा १ मायक्रोफॅरडचा लावा. २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली गेन हळूहळू उतरत जातो आणि तळाला सुमारे ६ डीबी कमी होतो. वरचा भाग होता तसाच राहतो. एवढ्या एका बदलाने जाड तारा मोकळ्या होतात. तिथे मुळात कॅपॅसिटरच नसेल तर ०.६८ चा बसवल्याने मधला आणि वरचा भाग पुढे येतो, खर्ज आहे तिथेच राहतो.

कपलिंग कॅपॅसिटरच्या बाबतीत बऱ्याच जणांचा वेळ फुकट जातो. २२ नॅनोफॅरडचा काढून १० चा लावतात आणि फरक शोधत बसतात. पुढे १ मेगओहमचा व्हॉल्यूम पॉट असेल तर २२ नॅनोफॅरड ७ हर्ट्झला कापतो आणि १० नॅनोफॅरड १६ हर्ट्झला. गिटार तिथे नाहीच. ऐकू येण्यासारखा फरक हवा तर २.२ नॅनोफॅरड लावा, तो ७२ हर्ट्झला येतो, किंवा १ नॅनोफॅरड, तो १६० ला. कॅथोडचा बदल केल्यावर मी २.२ च्या खाली जायचा सल्ला देणार नाही, आवाज किरटा होतो. कॅपॅसिटर किमान ४०० व्होल्टचा घ्या, ६३० चा मिळाला तर उत्तम.

फुरफुर तरीही उरली तर ईएल८४ च्या दोन नंबरच्या पायावर, म्हणजे ग्रिडवर, २२ ते ३३ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत लावा, शक्यतो थेट सॉकेटला चिकटून. ग्रिड करंटला अडथळा होतो, कॅपॅसिटर तेवढा चार्ज होत नाही आणि ट्यूब गप्प व्हायची थांबते. वरच्या स्वरांवर याचा परिणाम ऐकू येत नाही.

आत हात घातलाच आहे तर बायसही मोजा, इथे ॲम्प चालू ठेवावा लागतो म्हणून एक हात खिशात ठेवून. तीन नंबरच्या पायावर चॅसीच्या तुलनेत ८ व्होल्ट दिसले आणि कॅथोडचा रेझिस्टर १५० ओहमचा असेल तर करंट ५३ मिलिअँपिअर. त्यातले पाचेक स्क्रीनचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचे) वजा करा, उरले ४८. सात आणि तीन नंबरच्या पायांमध्ये २५० व्होल्ट असतील तर प्लेटवर १२ वॅट खर्च होतात. ईएल८४ ची मर्यादा तेवढीच आहे, आणि एकाच पॉवर ट्यूबचा ॲम्प तिच्या काठावरच चालतो. आकडा १४ वॅटच्या पुढे गेला तर रेझिस्टर १८० किंवा २२० ओहमचा करा, नाहीतर ट्यूब काही महिन्यांत थकेल. आपल्याकडे रात्री उशिरा लाइनचं व्होल्टेज २३० चं २५० होणं नवीन नाही. मग आतलं सगळं नऊ टक्के वर जातं आणि ६.३ व्होल्टचा हीटरसुद्धा ६.८५ वर पोचतो. म्हणून मोजमाप दिवसा एकदा आणि रात्री एकदा घ्या.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करतो. ट्यूब रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) लावला की व्होल्टेज दबून छान मऊ आवाज येतो असं सांगतात. मोठ्या पुश-पुल ॲम्पमध्ये (पॉवर ट्यूबा जोडीने आळीपाळीने काम करतात अशा) ते खरं आहे. तुमच्या एकट्या ईएल८४ च्या क्लास ए ॲम्पमध्ये (ट्यूबमधून करंट कायम वाहतो अशा) शांत असताना आणि वाजत असताना सरासरी करंट जवळपास सारखाच असतो, त्यामुळे सप्लाय दबत नाही. जो मऊपणा जाणवतो तो ट्यूब कापताना आणि कॅथोडचा बायस सरकताना येतो.

शेजाऱ्यांचं काय? पाच वॅटमध्ये, ९५ डीबी संवेदनशीलतेचा स्पीकर एक मीटरवर १०२ डीबी देतो. कानाला आवाज निम्मा वाटायला पॉवर एक दशांश करावी लागते. म्हणून तुमचा ॲम्प ५० वॅटच्या ॲम्पच्या निम्म्याइतका मोठा तरी वाटतोच, आणि म्हणूनच तो फ्लॅटमध्ये पेलत नाही. आवाज नॉबवर कमी केला तर ओव्हरड्राइव्हही जातो. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, स्पीकरच्या आधी कमी करा. सगळ्यात स्वस्त वाट ८ ओहमच्या एल-पॅडची (स्पीकरकडे जाणारी पॉवर कमी करणाऱ्या नॉबची), अर्थात तुमचा स्पीकर ८ ओहमचा असेल तर. पाच वॅटचा ॲम्प पूर्ण कापत असताना नऊ-दहा वॅटही देऊ शकतो, म्हणून एल-पॅड किमान ३० वॅटचा घ्या. १० डीबी खाली आणलं की अर्धा वॅट उरतो आणि आवाजाचा पोत टिकतो. १५ च्या पुढे गेलात की स्पीकरचा पडदा फारसा हलत नाही, आपला कानही हळू आवाजात खर्ज कमी ऐकतो, आणि सगळं चपटं लागतं. जोडण्या पक्क्या सोल्डर करा आणि मधली वायर स्पीकरचीच वापरा, गिटारची केबल नाही. वाजवताना लोड, म्हणजे स्पीकरची जोडणी, सुटला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये मोठं व्होल्टेज उसळतं आणि तो जळू शकतो. ट्रान्सफॉर्मर ही या ॲम्पमधली सगळ्यात महाग वस्तू आहे.

स्पीकरवर मात्र पैसे खर्च करा. आठ इंची स्पीकर लहान पेटीत डब्यासारखा वाजतो. बारा इंचीचं वेगळं कॅबिनेट जोडलं की ट्यूबच्या आधी कापलेला खर्ज ट्यूबच्या नंतर परत मिळतो, आणि तिथे तो चिखल करत नाही. ओहम मात्र जुळलेच पाहिजेत. हेही लक्षात घ्या की ९८ डीबीचा सेलेस्चन ग्रीनबॅक ९५ डीबीच्या स्पीकरपेक्षा तीन डीबी मोठा वाजेल, म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखं. फ्लॅटसाठी कमी संवेदनशीलतेचा स्पीकर हाच फायद्याचा. आणि ॲम्प जमिनीवर कोपऱ्यात असेल तर आधी उचलून खुर्चीवर ठेवा. कोपरा खर्ज फुगवतो, आणि तुम्ही ऐकता तो आवाज गुडघ्यांवर आदळून आलेला असतो.

बदल एका वेळी एकच करा, प्रत्येकानंतर दोन दिवस वाजवा. कॅथोडचा कॅपॅसिटर बदलूनही सहावी तार फुरफुरत असेल तर इथेच तीन आकडे लिहा: ईएल८४ च्या कॅथोडवरचं व्होल्टेज, तिच्या रेझिस्टरची किंमत आणि तिच्या आधीचा कपलिंग कॅपॅसिटर किती नॅनोफॅरडचा आहे ते. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.