पॉडवालं कॉफी मशीन घेतलंय? आधी हे वाचा

अभिनंदन! नेस्प्रेसोचं एसेन्झा मिनी सुरुवातीला छान आहे. दोनच बटणं (एस्प्रेसो म्हणजे छोटी, कडक कॉफी आणि लुंगो म्हणजे जास्त पाण्याची), डोक्याला ताप नाही.

पहिली चूक सगळे करतात, मीही केली: मोठा मग भरायचा म्हणून एकाच कॅप्सूलवर (म्हणजे पॉडवर, कॉफीच्या छोट्या बंद डबीवर) लुंगोचं बटण दोनदा दाबलं. कपात आलं ते कडवट, पिवळसर पाणी. कॅप्सूलमध्ये कॉफी असते जेमतेम पाच-सहा ग्रॅम. तिच्यातून 40 मिली एस्प्रेसो काढा आणि मोठा कप हवाच असेल तर वरून वेगळं गरम पाणी घाला. दूध घालून पिणाऱ्यांनीही 40 मिलीच काढावी, नाहीतर दुधात कॉफी शोधत बसाल.

बाकी एवढंच:

- सकाळी पहिल्यांदा कॅप्सूल न टाकता नुसतं पाणी सोडा. कप गरम होतो, मशीनही.
- कॉफी झाली की लगेच लिव्हर उचलून कॅप्सूल पाडा. आत राहिली तर चिकटते.
- कॅप्सूल घेताना नेस्प्रेसोच्या 'ओरिजिनल' प्रकारचीच घ्या. 'व्हर्चुओ' या त्यांच्या दुसऱ्या प्रकारच्या मशीनची यात बसत नाही. स्वस्त दिसली म्हणून डबा उचलू नका.
- टाकीत फक्त पाणी. दूध घालणारे महाभाग पाहिलेत मी!

बोअरचं पाणी मात्र टाळाच. आमच्याकडे त्याच्या क्षारांनी धार बारीक झाली होती, थेंब थेंब गळायची. फिल्टरचं पाणी वापरा, आणि दर तीनेक महिन्यांनी डिस्केलिंग, म्हणजे आत साचलेले क्षार काढणं. व्हिनेगर नको, त्यासाठीचं द्रावण मिळतं.

दुधाचा फेस, वेगवेगळे ब्लेंड वगैरे नंतर बघू. आधी महिनाभर नुसती एस्प्रेसो प्या.