मैत्रिणीला लागू पडलं, मला का नाही?

“तोच तक्ता, तेच खाणं. तिचं वजन उतरलं, माझं नाही. माझंच काही चुकतंय का?” आहार समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकते, की आज एकीची गोष्ट सांगतेच. ओळख अर्थातच बदलली आहे.

बेचाळिशीच्या ताई. मैत्रिणीचा आहारतक्ता चार महिने काटेकोर पाळून आल्या होत्या. वजन हललं नव्हतं, थकवा जात नव्हता, दुपारी डोळे मिटायला लागायचे. सोबत एक वही, त्यात खाल्लेला घास न् घास लिहिलेला. मी ती मिटून बाजूला ठेवली.

“खाण्याचं राहू दे. सकाळी डोळे उघडल्यापासून काय काय करता, ते सांगा.”

“उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी. चहाबरोबरच घेते, म्हणजे विसरत नाही. कॅल्शियमची गोळीही तेव्हाच उरकते.”

“डॉक्टरांना हे माहीत आहे?”

“त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.”

माझ्यासाठी गाठ इथे सुटली. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची, नाहीतर औषध अंगी लागत नाही. औषधाच्या मात्रेला मी कधीच हात लावत नाही, म्हणून चिठ्ठी देऊन त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

पण हे समजावल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे मी कमी पडत नव्हते?”

चार महिने त्यांनी भूक मारली होती, त्याहून जास्त स्वतःला दोष दिला होता. तो दोष उतरताना मी समोर पाहत होते. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते.

व्यक्तिगत आहार म्हटलं की लोकांना जनुकांची चाचणी आठवते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये ६०९ जणांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. दोन्ही गटांची सरासरी घट जवळपास सारखीच निघाली, मात्र प्रत्येक गटात कुणाचं वजन भरपूर उतरलं तर कुणाचं उलट वाढलं. कुणाला काय मानवेल, हे तपासलेल्या जनुकांवरून सांगता आलं नाही. मी चाचणीआधी दिवस विचारते तो म्हणूनच: झोप, औषधं, कामाच्या वेळा, घरात स्वयंपाक कोण करतं. तुम्हीही सल्ला घ्यायला जाल तेव्हा सगळ्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा लिहून न्या. वजनाच्या आकड्याआधी ते दाखवा.

आठ आठवड्यांनी ताई रक्ताचा अहवाल घेऊन आल्या. थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारं टीएसएच आटोक्यात आलं होतं, दुपारची पेंग गेली होती. वजन जेमतेम दीड किलो उतरलं होतं. ताटाला आम्ही तोवर हातच लावला नव्हता. त्या दिवशी वही पुन्हा उघडली.